मौन राहण्याचा 'अधिकार' : एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रीय स्त्रियांचे आत्मलेखन आणि मनःस्वास्थ्याचा प्रश्न

प्रास्ताविक

महाराष्ट्राच्या एकोणिसाव्या शतकाचा सामाजिक इतिहास बहुधा सुधारणांच्या क्रमाने लिहिला जातो. १८४८ मधील पुण्यातील मुलींची शाळा, १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा, १८६३ मधील बालहत्या प्रतिबंधक गृह, १८९१ चा संमतिवयाचा कायदा हे या इतिहासातील ठळक टप्पे होत. या मांडणीत स्त्रीला शिकविले जाते, तिचा पुनर्विवाह घडवून आणला जातो, तिच्यासाठी कायदा केला जातो. या सर्व काळात तिच्या मनाची अवस्था काय होती, या प्रश्नाला मात्र तेथे जागा उरत नाही. त्यासाठी साधनांचा अभाव पुढे केला जातो. हे कारण पूर्णतः खरे नाही. ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुष तुलना' (१८८२), रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०), लक्ष्मीबाई टिळक यांची १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झालेली 'स्मृतिचित्रे', आणि आनंदीबाई जोशी यांची पत्रे ही साधने मराठी वाचकास दीर्घकाळ उपलब्ध आहेत. त्यांचा उपयोग सुधारकांच्या चरित्रांना पुरवणी म्हणून झाला, मनाच्या इतिहासाची साधने म्हणून फारसा झाला नाही.

सोसणे हाच स्त्रीचा धर्म, ही पारंपरिक समजूत दुःख निर्माण करीत होती हे सर्वमान्य आहे. तिचे दुसरे कार्य अधिक खोलवरचे होते. त्या दुःखाचे कारण कोणते नाते आहे, हे बोलून दाखविण्याची वाट ती बंद करीत होती. ज्याचे कारण सांगता येत नाही ते दुःख मग आजारपण, अबोला, अंगात येणे किंवा दुसऱ्या स्त्रीचा छळ अशा अन्य वाटांनी बाहेर पडत असे. प्रस्तुत निबंधात याच दिशेने काही साधनांचे वाचन केले आहे. दिवंगत व्यक्तींना आजच्या मानसोपचारशास्त्रातील रोगनामे चिकटविण्याचा मोह येथे कटाक्षाने टाळला आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या स्त्रीची तपासणी करणे हे इतिहासाचे काम नव्हे. तिने स्वतः काय नोंदविले आणि काय नोंदविले नाही, एवढेच पाहता येते.

या समजुतीची साक्ष मराठी भाषा स्वतःच देते. 'सासुरवास' हा शब्द केवळ सासरी राहणे या मूळ अर्थाने आज कोणी वापरत नाही. त्याचा अर्थच छळ असा झाला आहे. 'सोशिक' हे विशेषण स्त्रीच्या संदर्भात स्तुतीचे ठरते. पुरुषास ते लावल्यास त्यात किंचित कीव डोकावते.

अमेरिकेतून आलेले एक पत्र

कल्याणच्या यमुनेचा विवाह वयाच्या नवव्या वर्षी गोपाळराव जोशी या वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठ्या बिजवराशी झाला आणि ती आनंदीबाई झाली. पोस्टखात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांना पत्नीस शिकविण्याचा ध्यास होता. वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो काही दिवसांतच दगावला. १८८३ मध्ये त्या एकट्या अमेरिकेस गेल्या, १८८६ च्या मार्चमध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने वारल्या. हा वृत्तांत शालेय पुस्तकांतून सर्वांस परिचित आहे.

त्यांनी अमेरिकेतून पतीस लिहिलेले एक पत्र मात्र त्या मानाने कमी वाचले गेले आहे. पतीने आपल्याशी केलेली वागणूक चांगली की वाईट, याचा विचार त्यात आहे, आणि तो थक्क करणाऱ्या समतोलाने केलेला आहे. अंतिम हेतूच्या दृष्टीने पाहिल्यास ती योग्य होती असे त्या मान्य करतात. परंतु लहान मुलीच्या मनावर होऊ शकणाऱ्या परिणामांच्या दृष्टीने ती अयोग्य होती, असे म्हणणे न्यायास धरून भाग आहे, असेही त्या तितक्याच स्पष्टपणे सांगतात. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारणे, बाराव्या वर्षी खुर्च्या व पुस्तके अंगावर फेकणे, चौदाव्या वर्षी चमत्कारिक शिक्षा करणे, अशी यादी त्या वयाच्या क्रमाने देतात. हे सारे त्या-त्या वयातील शरीरास आणि मनास न झेपणारे होते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. वीस वर्षांच्या आतबाहेरची, वैद्यक शिकणारी ही तरुणी स्वतःच्याच बालपणाची जणू नोंदवही लिहीत आहे. मराठी स्त्रीच्या लेखणीतून 'मनावर होणारा परिणाम' ही कल्पना इतक्या नेमकेपणाने उमटल्याचे याहून जुने उदाहरण सहज सापडणार नाही.

घर का सोडले नाही, याचेही कारण पत्रात आहे. त्या वयात आपण निघून गेलो असतो तर वडिलांच्या अब्रूस काळिमा लागला असता, अशी भीती त्यांना होती. म्हणजे मुलीच्या सहनशीलतेवर पित्याची प्रतिष्ठा उभी होती आणि ती गोष्ट दहा-बारा वर्षांच्या मुलीस पूर्णपणे उमगलेली होती. आपणास जिवंत न ठेवता मारूनच टाकावे, अशी विनंती त्या काळात पतीस केल्याचेही त्या लिहितात. याच पत्रात हिंदू स्त्रीस नवऱ्यापुढे एक शब्द बोलण्याचा अधिकार नाही, उलट त्याला हवे ते करू देण्याचा आणि स्वतः गप्प राहण्याचा 'अधिकार' मात्र तिला आहे, असा उपरोध येतो. या निबंधाचे शीर्षक त्यावरूनच घेतले आहे.

गोपाळरावांना केवळ क्रूर पती ठरवून हा विषय मिटविता येत नाही. बायकोने स्वयंपाकघरात वेळ घालविला म्हणून नव्हे, तर पुस्तकाकडे दुर्लक्ष केले म्हणून मारणारा पती त्या काळात विरळाच. ध्येय नवे होते. पत्नी ही पतीच्या इच्छेचे साधन आहे, ही धारणा मात्र जुनीच होती. सुधारणा आणि परंपरा यांचा झगडा दोन पक्षांत चालला होता असे आपण शिकवितो. प्रत्यक्षात तो अनेकदा एकाच माणसाच्या वागण्यात चालू होता आणि त्याचा भार तिसऱ्याच व्यक्तीच्या मनावर पडत होता.

नेमक्या याच वर्षांत मुंबईत रखमाबाई व दादाजी भिकाजी यांचा खटला गाजत होता. १८८४ मध्ये दाखल झालेला हा दावा १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी फेटाळला. अपिलानंतर १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे जाण्याचा, अन्यथा सहा महिने कैदेचा निर्णय दिला, आणि १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या सहीने रखमाबाईंनी लिहिलेल्या पत्रांचा रोख बालविवाहामुळे मुलींच्या बुद्धीची व मनाची वाढ खुंटते यावर होता. या खटल्याची चर्चा बहुधा कायदा व राजकारण यांच्या अंगाने होते. ती विपुल झालेली असल्याने येथे वाढविण्याचे कारण नाही.

रानड्यांचे घर

रमाबाईंचा विवाह १८७३ च्या डिसेंबरात, त्यांच्या अकराव्या वर्षी झाला. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असलेल्या महादेव गोविंद रानडे यांनी पहिल्या पत्नीच्या निधनानंतर वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून कुमारिकेशी विवाह केला, याची टीका त्यांना जन्मभर सोसावी लागली. विवाहानंतर लगेच त्यांनी पत्नीस शिकविण्यास प्रारंभ केला. येथे मारहाण नव्हती, मोठा आवाजही नव्हता. पती स्नेहशील होता आणि पत्नीची त्याच्यावर अपार भक्ती होती. म्हणूनच हे उदाहरण आनंदीबाईंच्या उदाहरणाहून अधिक अवघड आहे.

रमाबाईंच्या आठवणींतील घर दोन भागांत विभागलेले आहे. वर पतीची खोली आहे. तेथे पुस्तके, वर्तमानपत्रे व इंग्रजीचा अभ्यास चालतो. खाली माजघर आहे. तेथे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचे राज्य आहे. वरच्या मजल्यावर जे कर्तव्य ठरते तेच खाली निर्लज्जपणा ठरते. पुरुष शिकण्याचा आग्रह धरतात, पण शहाण्या बाईने ते कानाआड करावे, म्हणजे त्यांचा नाद आपोआप सुटतो, अशा अर्थाचा उपदेश त्यांना खालच्या मजल्यावर मिळे. १८८० च्या दशकात मुलींच्या हायस्कूलच्या मागणीसाठी भरलेल्या सभेत गव्हर्नरांपुढे इंग्रजीत निवेदन वाचून त्या घरी आल्या तेव्हा टोमण्यांचा वर्षाव झाला. उलट उत्तर देऊ नये, शांतपणे सोसावे, अशी पतीची शिकवण होती. म्हणजे वरच्या आणि खालच्या मजल्याचे एका गोष्टीवर मात्र एकमत होते, आणि ती गोष्ट म्हणजे रमाबाईंनी गप्प राहावे.

या स्त्रियांना दुष्ट ठरविणे सोपे आहे. परंतु त्यांत रानडे यांची भगिनी दुर्गा होती, ती अल्पवयात विधवा झालेली होती. विधवाविवाहाच्या चळवळीचा अग्रणी असलेला भाऊ घरात असताना तिचा पुनर्विवाह झाला नाही. पती नाही, अपत्य नाही, मंगल कार्यात स्थान नाही, अशा स्त्रीला त्या घरात प्रतिष्ठेची एकच जागा उपलब्ध होती, ती म्हणजे घराच्या आचारधर्माची राखणदारी. ती जागा भावजयीच्या शिक्षणामुळे डळमळीत होत होती. नणंद-भावजय, सासू-सून या नात्यांतील कटुतेस स्त्रीस्वभाव असे नाव देण्याची जुनी रीत आहे. या घराकडे पाहिल्यास ती कटुता स्वभावाची नसून जागेच्या टंचाईची आहे, असे मत बनते. पतीवर रागावण्याची सोय नाही, पित्यावर नाही, भावावर तर नाहीच. मग राग खालच्या पायरीवरील स्त्रीकडेच वाहतो.

रमाबाई याविषयी लिहितात तेव्हा त्यांच्या लेखनात राग दिसत नाही. पुस्तकाच्या नावातच 'माझ्या' नव्हे तर 'आमच्या' आयुष्यातील आठवणी आहेत. पतीच्या निधनानंतर नऊ वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात लेखिका स्वतःला पतीच्या चरित्रातील एक प्रसंग मानते की काय, असे अनेकदा वाटते. मात्र त्या दोन मजल्यांमधला जिना किती वेळा, कोणत्या मनःस्थितीत चढला-उतरला, याची नोंद तीत राहून गेली आहे.

सोवळे, हसणे आणि स्वतःचा निर्णय

लक्ष्मीबाई टिळक यांच्या बालपणाची कथा पुरुषाच्या मनापासून सुरू होते. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या उठावाच्या प्रकरणात फाशी झाली. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याने पछाडले. विटाळाची कल्पना वाढत वाढत साऱ्या घराला व्यापून राहिली. 'स्मृतिचित्रे'त हा भाग इतका विनोदाने सांगितला आहे की वाचक हसतच पुढे जातो. थांबून पाहिल्यास मात्र एक गोष्ट ध्यानात येते. पुरुषाच्या मनातील भीतीला धर्माचे वस्त्र मिळाले आणि ती घरातील स्त्रियांची दिनचर्या झाली. धुणे, पुन्हा धुणे आणि शिवाशीव सांभाळणे हे काम आई आणि मुलींच्या वाट्याला आले. हेच वर्तन घरातील एखाद्या स्त्रीने केले असते तर तिला वेडी किंवा लागीर झालेली म्हटले गेले असते, असे अनुमान करण्यास हरकत नाही. कर्त्या पुरुषाच्या वेडाला आचार म्हणण्याची सोय होती.

अकराव्या वर्षी नारायण वामन टिळक यांच्याशी विवाह झाल्यावर लक्ष्मीबाईंच्या वाट्यास दुसऱ्या प्रकारची अनिश्चितता आली. पती प्रतिभावंत, उदार, तापट आणि न सांगता घर सोडून जाणारा होता. १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि लक्ष्मीबाई जवळजवळ पाच वर्षे पतीपासून दूर राहिल्या. बहिणीच्या आधाराने, पंढरपूर-नाशिकच्या आप्तांच्या घरी काढलेल्या या काळातील स्थिती विलक्षण होती. नवरा जिवंत असल्याने त्या विधवा नव्हत्या. धर्मांतरामुळे त्या सहजीवनास मुकल्या होत्या, आणि यात त्यांचा अपराध काहीच नव्हता. रूढीने विधवेसाठी आणि सौभाग्यवतीसाठी नियम घालून दिले होते. या अवस्थेसाठी नियमही नव्हता आणि शब्दही नव्हता. लक्ष्मीबाईंनी या काळात कविता रचल्या, ही गोष्ट त्यामुळे केवळ वाङ्मयीन महत्त्वाची राहत नाही.

पुढे त्या मुलासह नगर जिल्ह्यात पतीजवळ आल्या, तरी प्रारंभी वेगळ्या राहिल्या आणि आपले सोवळे वेगळे ठेवले. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नावर एकटीने विचार करून त्यांनी आधी जात सोडली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये घेतला. हा क्रम महत्त्वाचा आहे. पतीने केले म्हणून पत्नीने केले, या पातिव्रत्याच्या परिचित चौकटीत हा निर्णय बसविता आला असता. लक्ष्मीबाईंनी तो तसा बसविला नाही. यानंतरच्या पानांत या पती-पत्नीच्या नात्यात जी बरोबरी, भांडण आणि थट्टा दिसते तिचे मूळ याच एकांतातील विचारात शोधावे लागते.

ज्यांनी लिहिले नाही

वरील तिन्ही लेखिका ब्राह्मण समाजातील होत्या, ही या साधनांची मोठी मर्यादा आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे हा ठळक अपवाद. सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेस अर्भकहत्येबद्दल १८८१ मध्ये झालेल्या शिक्षेवरून वृत्तपत्रांनी स्त्रीजातीवर जे तोंडसुख घेतले त्यास उत्तर म्हणून त्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. पतीस देव मानावे, तर देवाने देवासारखे वागावे, असा त्यांचा रोखठोक युक्तिवाद आहे. त्यांचा राग उघड आहे, म्हणूनच तो त्या काळास झेपला नाही. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. परंतु त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी हे पुस्तक पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत ते विस्मृतीतच होते.

निरक्षर स्त्रियांकडे जात्यावरची ओवी होती. गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून जमविलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. पहाटेच्या अंधारात, जात्याच्या घरघरीत, पुरुष ऐकत नसताना ही रचना होत असे. माहेर, आई आणि भाऊ यांच्या स्तुतीने ती ओथंबलेली आहे. सासरची तक्रार थेट करण्यापेक्षा माहेरची स्तुती करणे निर्धोक होते, असेही तिचे वाचन करता येईल. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी ओवीतील मायेचे कौतुक खूप केले. ती माया कोणत्या रिकाम्या जागेभोवती फिरते, याचा विचार त्या मानाने कमी झाला.

दुसरी वाट अंगात येण्याची. गुरे राखणाऱ्या, शेतात राबणाऱ्या, एरवी मान वर न करणाऱ्या स्त्रीच्या अंगात आले की सारे घर तिच्यापुढे हात जोडते, हे दृश्य महाराष्ट्रास नवीन नाही. व्हीडा स्कल्टन्स या अभ्यासिकेने फलटण येथील महानुभाव पंथाच्या मंदिरात केलेल्या अभ्यासात, जो १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला, एक वेगळी गोष्ट पुढे आली. तेथे येणाऱ्या अनेक स्त्रिया कुटुंबातील रुग्णाची, बहुधा मुलाची वा पतीची, बाधा आपल्या अंगावर यावी आणि तो मोकळा व्हावा या इच्छेने त्या अवस्थेत जात होत्या. घरातील दुखणे स्वतःच्या शरीरावर घेणे हे आपले कर्तव्यच आहे, असे त्या मानत. अंगात येणे हा बंडाचा प्रकार आहे, अशी एक लोकप्रिय उपपत्ती आहे. फलटणचे उदाहरण तिला पुरते बसत नाही. येथे देवाच्या दारातही स्त्री सोसण्याचेच काम करते आहे.

नाव मिळू लागले तेव्हा

विसाव्या शतकात परिस्थिती हळूहळू पालटली. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाने (१९२७ ते १९५३) दांपत्यजीवनातील प्रश्नांना छापील जागा दिली. त्यापायी कर्व्यांवर अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ मधील खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले आणि मोठा गदारोळ उठला. शिकलेल्या, कमावत्या, परंतु अविवाहित राहिलेल्या मुलींची घुसमट त्यात होती. शिक्षणाने स्त्रीचे मन मोकळे होईल, ही एकोणिसाव्या शतकाची आशा या कथांनी प्रश्नांकित केली. लेखिकेस स्वतःचे नाव लपवावे लागले, हेही त्या आशेवरचे भाष्यच होय.

पुण्यातील अभ्यासिका भार्गवी दवर यांनी १९९९ मध्ये भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावर लिहिलेल्या ग्रंथात एका विसंगतीकडे लक्ष वेधले. तीव्र स्वरूपाच्या मनोविकारांत स्त्री-पुरुषांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळत नाही. उदासीनता, चिंता यांसारख्या सर्वसाधारण विकारांत मात्र स्त्रियांचे प्रमाण पुष्कळ अधिक असते. कारण शरीरात असते तर फरक दोन्हीकडे दिसला असता, तेव्हा ते जगण्याच्या रीतीत शोधावे लागते. आनंदीबाईंनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी पतीस लिहिलेल्या पत्रात हेच कारण वयाच्या क्रमाने मांडले होते.

त्या पत्राचे पुढे काय झाले, हेही नोंदविण्यासारखे आहे. आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर काशीबाई कानिटकर यांनी त्यांचे चरित्र पत्रांसह लिहिले. विवाहानंतर, घरच्यांच्या नापसंतीला तोंड देत वाचायला शिकलेली एक स्त्री दुसऱ्या स्त्रीचे म्हणणे छापून ठेवीत होती. १९६८ मध्ये श्री. ज. जोशी यांची या जीवनावरील कादंबरी आली आणि अमाप लोकप्रिय झाली. २०१९ मध्ये त्याच नावाचा चित्रपटही निघाला. ते नाव 'आनंदी गोपाळ' असे आहे.